भंगाराच्या ट्रकला घाबरलेला दिव्यांचा भोवरा

मित्रांनो, मी दिव्यांचा एक जुना भोवरा आहे, आणि जन्मापासून भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दुबईजवळच्या अजमानमधल्या एका गोडाऊनमध्ये शोभनाताईंनी मला घडवलं. मधोमध उभा दांडा, त्याला सहा पोलादी हात, प्रत्येक हाताच्या टोकाला इवलासा दिवा आणि पोटात मोटर. मी फिरू लागलो की अंधारात उजेडाची कडी तयार होई. तो उजेड पाहून समुद्रातले मासे सकाळ झाली म्हणून उठून बसत. माशांनी हे अजून नाकारलेलं नाही.

अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर, एका नव्या टॉवरच्या दारात मी उभा राहणार होतो. पण २००८ ची मंदी आली. टॉवर अर्धाच राहिला, ताईंची कंपनी बंद पडली. वर्षभर मी धूळ खाल्ली. मग दसऱ्याच्या दिवशी गोडाऊनच्या मालकाने सांगितलं, खलास, सगळं भंगारात. माझ्या शेजारचं काचेचं झुंबर माझ्यादेखत चेचून ट्रकमध्ये भरलं. संध्याकाळी ट्रक माझ्यासाठी येणार होता.

दुबईत ऊद मेथातलं एक सभागृह सांभाळणारे सदानंदकाका तिथल्या मुलांसाठी काहीतरी शोधत होते. त्यांनी ताईंना कळवलं, फोटो पाठव, आवडला तर लगेच गाडी धाडतो. ताईंनी वसईच्या लॉरेन्सला बोलावलं. हॉटेलात नोकरी, पण फोटोचं वेड. त्याने भर दुपारी शटर ओढून काळोख केला. म्हणाला, कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवतो, म्हणजे फिरत्या दिव्याची रेघ उमटेल. दिवा जरा डगमगला तरी रेघेत दिसेल. हे ऐकून मला कापरंच भरलं.

त्यात ताईंनी माझ्या एका हाताला झेंडूची जाडजूड माळ बांधली. दसऱ्याला यंत्र बिनमाळेचं ठेवायचं नाही, ही आपली रीत. माझा तोल गेला. हात वरखाली हिंदकळत मी फिरलो. फोटोत गोल कडी यायची, तर नुसत्या लाटाच लाटा.

"मॅडम, ह्याला हिवताप झालाय काय?" लॉरेन्सने विचारलं.

"माळेनं झालं. सोडते, दुसरा घे."

तेवढ्यात, ठरल्या वेळेआधीच, बाहेर रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रकचं टीं टीं सुरू झालं. माळेची गाठ सुटेना. लॉरेन्सने तोच फोटो पाठवून दिला. मी मनातल्या मनात चेचला गेलो.

शटरवर थापा पडत होत्या, तेव्हा काकांचा फोन आला. "शोभना, एवढं मोठं झेंडूचं फूल केलंस, आणि बोलली नाहीस? गाडी निघालीय. त्या भंगारवाल्याला हात लावू देऊ नकोस."

ताईंनी माळेकडे पाहिलं. "हो काका," त्या म्हणाल्या, "झेंडूच आहे तो."

तेव्हापासून मी ऊद मेथात आहे. माझा तोल कुणी दुरुस्त केला नाही. उलट माळेएवढं वजन त्याच हाताला कायमचं बांधून टाकलं. मुलं माझे फोटो काढत, मी फुलत असे. हल्ली तेल घालायची आठवण कुणाला राहत नाही. मी कुरकुरतो. परवा कमिटीतलं कुणीतरी माझ्यापुढेच म्हणालं, किती वर्षं झाली ह्याला? त्या दिवसापासून दारात साधा पाण्याचा टँकर टीं टीं करत मागे येऊ लागला, तरी भीतीने माझे सहाही दिवे लुकलुकतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूला वेळेवर तेल घाला. ते जमलं नाही तर एवढं तरी करा, 'भंगार' हा शब्द बाहेर जाऊन बोला. आम्हाला ऐकू येतं.