दोन्ही बाजूंनी ओरबाडलेलं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. मला दोन बाजू आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. म्हणून माझी गोष्ट तुम्हाला तुकड्यातुकड्यांनीच ऐकावी लागेल.

आतून

सुताराने मला स्वतःच्या घरासाठी केलं, गिऱ्हाइकांच्या दारांतून उरलेल्या फळ्यांचं. त्यामुळे माझ्या तीन फळ्या तीन रंगांच्या आहेत. तरी येणारा जाणारा म्हणायचा, "दार मात्र झकास बसलंय." मग माझी छाती अशी फुगायची की कडीच लागायची नाही.

सुताराची लेक कपडे शिवते. एकदा तिला चिंध्यांच्या टोपलीत मांजराचं पिल्लू सापडलं. पांढऱ्या अंगावर एकच काळा चौकोन, म्हणून नाव पडलं ठिगळ्या. ठिगळ्याचा बोका झाला आणि तो दिवसभर मला आतून ओरबाडू लागला. शेवटी सुताराने करवत घेतली आणि माझ्या पायाशी वीतभर भोक पाडलं. दुखलं. पण त्यातून पहिल्यांदा शेपटी सरकत गेली, तेव्हा गुदगुल्याही झाल्या.

बाहेरून

आतल्यांना न दिसणारं मला दिसायचं. ठिगळ्या भिंतीवर ऊन खायचा, वाळक्या पानांशी मारामारी करायचा. एकदा त्याने चिमणीचं पिल्लू मारलं, तेही मी पाहिलं. आणि एकदा स्कूटरचा धक्का बसून तो तीन पायांवर घरी आला, तेही.

आतून

"बाबा, ते भोक बुजवा," लेक म्हणाली.

"अगं, बोका आहे तो. तुझं कापड नाही, घडी घालून कपाटात ठेवायला."

"आणि तुमची फळी पण नाही, मोडली तर दुसरी बसवायला."

दोघांत अबोला झाला. ठिगळ्याचा पाय बरा झाला आणि त्याच्या बाहेरच्या चकरा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा सुताराने एका सकाळी न बोलता फळी घेतली आणि भोकावर स्क्रूने आवळली. त्याला वाटलं, बोका लेकीच्या चिंध्यांत झोपलाय. लेकीला वाटलं, तो बाबांच्या भुशात झोपलाय. अबोला असल्यामुळे कुणी कुणाला विचारलं नाही.

बाहेरून

ठिगळ्या बाहेर होता.

तो आला. नाकाने फळी ढकलली. फळी हलेना. मग ओरबाडू लागला. आत एका खोलीत शिलाई मशीन धडधडत होतं, दुसरीत रंधा चालत होता. ऊन पायरीवर आलं. गल्लीच्या टोकाचा मोठा कुत्रा सावकाश जवळ येऊ लागला. ठिगळ्याने पाठ मला टेकवली. त्याचा थरकाप माझ्या तिन्ही फळ्यांत पोचला. मित्रांनो, दाराला हाक मारता येत नाही.

तेवढ्यात आत मशीनचा दोरा तुटला. रंधाही जरा थांबला होता. त्या शांततेत नखांचा आवाज ऐकू गेला.

"बाबा, तो तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? तुझ्याकडे नाही?"

दोघं एकदमच माझ्याकडे धावली. दार उघडताच कुत्रा मागे सरला. ठिगळ्या आत शिरला, दोघांकडे न बघता थेट टोपलीत गेला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे पाठ करून बसला.

मधून

आता माझ्या भोकाला बिजागरीवरची झडप आहे, फक्त आत उघडणारी. कधी चुकून बाहेर राहिला, तर त्याला घरात येता यावं. बाहेर मात्र तो लेकीने शिवलेला पट्टा घालून जातो, दोरीचं टोक सुताराच्या हातात. शेजारी हसतात. "मी नाही त्याला फिरवत," सुतार म्हणतो, "तोच मला फिरवतो."

माझे ओरखडे काढायला त्याने रंधा आणला होता. लेकीने त्याचा हात धरला. "राहू द्या, बाबा. आपल्याला दिसत राहू देत."

मित्रांनो, मांजराने आत राहावं की बाहेर, यावर माझ्या दोन बाजू अजून भांडतात. एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत आहे. कडी लावण्याआधी घरात एक हाक मारा. अबोला असला, तरी मारा.