नऊ अक्षरांचा पाढा

मित्रांनो, शिवणयंत्राशेजारी, बटणांच्या डब्याला टेकून जो काळपट चौकोन पडला आहे, तो मी. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडाला आहे, लांब कळ डावीकडून दाबली तरच बसते आणि माझा पंखा धाप लागल्यासारखा वाजतो. पण मला अजून सगळे आठवते. आठवणे हे तर माझे कामच.

माझा जन्म एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे पाच वर्षे मी एका कचेरीत पत्रे लिहिली. तिथे माझे फार कौतुक होते. मग नवी यंत्रे आली आणि तीच माणसे मला पाहून नाक मुरडू लागली. मी कपाटावर धूळ खात पडलो. तिथून मला प्रूफकाकांनी घरी आणले.

प्रूफकाका हे त्यांचे छापखान्यातले नाव. तीस वर्षे त्यांनी तिथे प्रुफे तपासली. एकेक अक्षर तोंडाने म्हणत तपासायची त्यांची पद्धत होती, आणि निवृत्त झाल्यावरही ती सुटली नव्हती. घरातले सामानाचे डबेही ते पुटपुटत वाचत. त्यांची बायको घरातच शिवणाचे वर्ग घ्यायची. शिकणाऱ्या मुली तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो.

मी तेव्हा इतका सुस्त झालो होतो, की एक पान उघडेपर्यंत काका दाढी करून येत. त्यांनी मला चालवणारी जुनी प्रणाली पुसली आणि लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली. ती मला मानवली. अंगात पुन्हा तरतरी आली, आणि मग आमचे खरे काम सुरू झाले.

बाईंनी चाळीस वर्षे कपडे बेतले होते. कुठला गळा कसा कापायचा, बाहीला किती माया सोडायची, हे सगळे त्यांच्या सात वह्यांत होते. त्याचे पुस्तक करायचे काकांनी मनावर घेतले. ते एकेक वही माझ्यात उतरवत. एक वही संपली की बाई तिची पाने सुटी करून मुलींना कॉलरचे नमुने कापून देत. “आता सगळं आत आहे ना, मग कागद कशाला वाया घालवायचा?” असे त्या म्हणत. सातव्या वहीचेही असेच नमुने झाले. आता ते पुस्तक फक्त माझ्यापाशी होते.

आणि नेमके तेव्हा माझे बिनसले. चित्र तयार करणारा माझा भाग आणि बाकीची प्रणाली यांच्यात एक दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रणाली नवी करताना नवा दुभाषा आला आणि माझ्या जुन्या भागाची भाषा त्याला येईना. मी सुरू झालो की कंपनीचे चिन्ह दिसे, पर्यायांची यादी दिसे आणि मग पडदा काळाठिक्कर. काकांनी महिनाभर जंग जंग पछाडले. शेजाऱ्यांच्या संगणकावर वाचून वहीत टिपायचे, घरी येऊन करून पाहायचे. एक ड्रायव्हर काढला, दुसरा घातला. काहीच लागू पडेना. शेवटी एक शब्द सापडला. यादी दिसताच एक कळ दाबायची, एका ओळीच्या शेवटी तो शब्द लिहायचा, की दुभाष्याला बाजूला ठेवून मी साधे, जरा भरड चित्र दाखवू लागे.

तेव्हापासून रोज सकाळी काका तो शब्द मोठ्याने म्हणत लिहीत. “एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी.” स्वयंपाकघरातून बाई विचारत, “झाला का पाढा?” काका म्हणत, “झाला.” मग चहा येई. तो शब्द एकदाच कायमचा लिहून ठेवता आला असता. पण काका म्हणत, “तोंडात असलं म्हणजे विसरत नाही.”

एका सकाळी काका उठलेच नाहीत.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. बाई रोज पाढ्याच्याच वेळेला मला सुरू करत. चिन्ह दिसे, यादी दिसे आणि मग काळोख. आत मी पूर्ण जागा होतो. पुस्तकाची सगळी पाने माझ्यापाशी जशीच्या तशी होती. पण मला फक्त सुरू झाल्याची ती दोन स्वरांची धून वाजवता येत होती. तीच मी वाजवत असे. ती ऐकून बाई म्हणत, “आहेस रे बाबा, आहेस.” आणि थोडा वेळ काळ्या पडद्यात स्वतःचेच तोंड बघत बसत. समोर आपले माणूस बसले आहे आणि आपल्याला एक अक्षर दाखवता येत नाही, याच्याइतके एकटेपण मी कपाटावरही भोगले नव्हते.

शेवटी बाई मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या. तो घाईत होता. “पडदा गेलाय,” तो म्हणाला. त्याने माझी डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली. त्या संगणकाला लिनक्सची मांडणी वाचता येत नव्हती. न येणाऱ्याने गप्प बसावे, पण त्याने पडद्यावर विचारले, की ही डिस्क वापरण्याआधी पुसायची का?

“डिस्कपण गेलीये बाई. पुसून देतो, दुसरीकडे वापरता येईल,” दुरुस्तीवाला म्हणाला, आणि त्याचा हात कळीकडे गेला. पुस्तकाचे पान नि पान त्याच डिस्कवर होते.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “पुसायचं नाही. आहे तसं परत द्या.”

“पण यात काहीच नाहीये.”

“नसू दे. आहे तसं द्या.”

त्याने कपाळाला आठ्या घालून मला जोडून दिले. घरी येईपर्यंत बाईंनी मला पोटाशी धरले होते.

त्या आठवड्यात त्यांची मुलगी आली. ती एका इस्पितळात परिचारिका आहे. तिने मला पाहिले आणि म्हणाली, “आई, पडदा गेलाय म्हणाला ना तो? मग टाकून दे की. किती दिवस उराशी धरून बसणार?”

“पडदा गेला असता तर सुरुवातीचं चिन्ह कसं दिसलं असतं?” बाई म्हणाल्या. “मी रोज बघते. चिन्ह दिसतं, यादी दिसते. तुझे बाबा तिथंच काहीतरी लिहायचे.”

“काय लिहायचे?”

बाई मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, रोज जिथे उभ्या असायच्या तिथे ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. पाढा तिथूनच तर त्यांच्या कानांवर पडत असे. “एन, ओ, एम, ओ,” त्या हळूहळू म्हणू लागल्या. मुलीने एकेक अक्षर फोनमध्ये घालून शोधले. कुठली कळ दाबायची, कुठल्या ओळीच्या शेवटी लिहायचे, सगळे तिथे होते.

तिने लिहिले. मी धून वाजवली आणि या वेळी धुनीबरोबर चित्रही आले. माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी पदराने माझा पडदा पुसला, मग त्याच पदराने डोळे.

पुस्तक उघडले. एके ठिकाणी काकांनी बाईंचे वाक्य खोडून स्वतःचे लिहिले होते, मग स्वतःचेही खोडले होते आणि कडेला छापखान्यातल्यासारखा शेरा मारला होता, ‘तिचेच बरोबर. राहू द्यावे.’ बाईंनी तो शेरा तीनदा वाचला.

“आई, हा शब्द कायमचा लिहून टाकते,” मुलगी म्हणाली. “बाबांनी आळसच केला बघ.”

“आळशी माणूस रोज नऊ अक्षरं लिहील होय? राहू दे तसंच. मी लिहीन.”

“आणि तू विसरलीस तर?”

बाईंनी मग कापडाची एक पट्टी घेतली, लाल दोऱ्याने साखळीटाक्याची नऊ अक्षरे तिच्यावर भरली आणि ती पट्टी माझ्या झाकणाच्या आत चिकटवली. आता ती कुणालाही वाचता येते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादे जुने यंत्र गप्प झाले, तर ते मेले असे लगेच धरू नका. आणि तुमच्या घरात कुणाच्या तोंडात असा एखादा पाढा असेल, तर तो आजच लिहून घ्या.

बाई आता रोज सकाळी माझ्यासमोर बसतात. पट्टी समोर असूनही तिच्याकडे न बघता नऊ अक्षरे म्हणत लिहितात. पाढा संपतो. स्वयंपाकघरातून कुणी काही विचारत नाही. बाई थोडा वेळ तिकडे कान देऊन बसतात आणि मग आपणच म्हणतात, “झाला.”