परत आलेल्या अकरा गाठी

मित्रांनो, मी एक जुना प्रेस आहे. नाव ऐकून इस्त्रीचे कपडे मात्र घेऊन येऊ नका! मी पुठ्ठा आणि कागद दाबून त्यांच्या गाठी बांधतो. इंदूरहून सांवेर रोडनं निघालं आणि कारखाने मागे पडले की सोयाबीनची शेतं लागतात. तिथल्या एका गावाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम आहे.

माझा जन्म सांवेर रोडवरच्याच एका वर्कशॉपमधला. पंढरीनाथ मिस्त्रींनी मला घडवलं आणि माझ्या माथ्यावर एक मोठं चाक बसवलं. दोघांनी मिळून ते फिरवलं की माझी जाड पाटी हळूहळू खाली उतरते, आणि फुगलेला पुठ्ठा सुस्कारा सोडून शांत बसतो. "याला घाई आवडत नाही," मिस्त्री म्हणाले होते, "ग्रीस द्या आणि प्रेमानं फिरवा."

शेड सुनीता सांभाळते. तिचं माहेर इंदूरच्या 'जुनी इंदूर' वस्तीतलं, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी पाण्यासारखी मिसळलेली. आसपासच्या पाच गावांचा सुका कचरा ती आणि तिच्या दोन सोबतिणी निवडतात. देखरेखीला छत्रीबागेतल्या निवृत्त शिक्षिका वसुंधराताई येतात.

दुपारी सगळ्या जेवायला बसल्या की मला गुंगी यायची. कुठल्या खोक्याला आंब्याचा वास, कुठल्याला नव्या चपलांचा. गाठी कागदाच्या कारखान्यात जातात, पाण्यात विरघळतात आणि पुन्हा कोरा कागद होतात, असं मी ऐकलं होतं. मग अर्धवट झोपेत दिसायचं, की माझी एक गाठ ढगासारखी हलकी होऊन शेतावरून तरंगत चाललीय आणि तिची पानं सुटून शाळेच्या खिडक्यांतून आत शिरताहेत. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, माझं चाक फिरवून बघायचे. किती सुखाचे दिवस होते ते!

मग शेडमागच्या नाल्यात कोणीतरी ट्रॉल्या रिकाम्या करू लागलं. लग्नाच्या उष्ट्या पत्रावळी, थर्माकोल, बाटल्या, सगळं एकत्र. नाला तुंबू नये म्हणून गावची गाडी ते उचलून आमच्याकडे आणायची. खोकी वरून कोरडी असायची आणि आत दाल-भात. बायका निवडून निवडून थकायच्या, तरी काही नजरेतून सुटायचंच. माझी पाटी खाली आली की सुस्काऱ्याऐवजी तेलकट लाल पाणी ठिबकायचं. मला कळत होतं. पण मला थांबता येत नाही, चाक फिरलं की दाबावंच लागतं.

एके दिवशी कारखान्यानं आमच्या अकरा गाठी परत पाठवल्या.

"पुन्हा असं झालं तर पंचायत शेड बंद करणार," वसुंधराताई म्हणाल्या. "आणि हा प्रेस भंगारात."

 सुनीतानं पहिली गाठ सोडली आणि हात आत घातला. आत फुटकी बाटली होती. तिचा तळवा चिरला गेला. चार टाके पडले.

आठवड्यानं, भर दुपारी, ट्रॅक्टरचा आवाज आला. हाताला पट्टी बांधलेली सुनीता धावत जाऊन त्याच्यापुढे उभी राहिली. ट्रॅक्टरवर रजत होता, जवळच्या मॅरेज गार्डनचा, म्हणजे लग्नाच्या लॉनचा, ड्रायव्हर.

"हटो दीदी, नाले में तो सब डालते हैं!"

"पोलिसांना फोन लावते," वसुंधराताई म्हणाल्या.

"रुको ताई." सुनीता रजतकडे वळली. "भिया, नाल्यात नको. यहीं खाली करो. मग आमच्यासोबत बसून निवडा. जितना लाए हो, उतना."

रजत हसला. पण तिच्या हाताकडे बघून खाली उतरला. तिनं आपले हातमोजे त्याला दिले. पहिल्या तासात तो दोनदा उलटी करायला बाहेर गेला. ऊन कलेपर्यंत त्याचा पाव ढीगही निवडून झाला नव्हता. मग काचेचा एक तुकडा त्याच्या मोज्यात रुतून बसला. त्यानं तो उपसून काढला आणि सुनीताच्या पट्टीकडे पाहिलं.

"ये रोज आप लोग...?"

"रोज," सुनीता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मालकाला, यतीनजींना, सांगून टाकलं, की मिसळलेला कचरा मी नेणार नाही, दुसरा ड्रायव्हर बघा. यतीनजी चिडले, मग स्वतः शेडमध्ये येऊन गेले, आणि आता मांडवामागे ओल्या-सुक्याचे वेगळे ड्रम ठेवतात. त्या अकरा गाठी पुन्हा निवडल्या, तेव्हा सातच भरल्या. त्या दिवशी माझं चाक फिरवायला सुनीतासोबत रजत होता. कारखान्यानं सातही ठेवून घेतल्या. शेड वाचली, मीही वाचलो.

नाला मात्र अजून पुरता साफ नाही. दुसरं कोणी ना कोणी येतंच. माझ्या चौकटीला गंज चढलाय, आणि गुंगी आता जरा जास्तच येते.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी, मित्रांनो. खोकं टाकण्याआधी ते रिकामं करा, कोरडं ठेवा, काच कागदात गुंडाळून वेगळी द्या. तुम्ही "फेकलं" म्हणता, तेव्हा ते कुठेही नाहीसं होत नाही. ते कोणाच्या तरी हातात पडतं.