एका ओळीतलं नाव

धामणकर नाक्यावर, सुताच्या दुकानाच्या माळ्यावर मनाली भोईर डीटीपीचं काम करायची. लग्नपत्रिका, लूमवाल्यांची बिलबुकं, शाळांचे प्रश्नसंच असं काहीबाही. पण तिचा जीव होता तो लाटेक नावाच्या प्रोग्रॅमवर. ठाण्यात प्रबंध टाइप करायला जायची तेव्हा ती तो शिकली होती. त्यात काही नावं आधीपासूनच ठरलेली असतात. पान क्रमांक, आजची तारीख, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. सुरुवातीला एकदा सांगून ठेवायचं. मग जिथे जिथे ते हवं तिथे प्रोग्रॅम ते स्वतः आणून बसवतो.

२००६ साली तिने त्यातच कमळाआत्याचं पुस्तक लावलं.

आत्या कोन गावात राहायची. ती धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी, धवले, म्हणणारी. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले तिच्या तोंडून निघाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी म्हणत नसे. लिहिता-वाचता मात्र येत नव्हतं. मनालीने दोन हिवाळे तिच्या चुलीपुढे बसून एकेक धवला उतरवून घेतला. प्रस्तावनाही आत्याच्याच बोलण्यातून तयार झाली. ‘मी नऊ वर्षांची होते. आईच्या पदराला धरून पहिल्यांदा मांडवात उभी राहिले,’ अशी तिची सुरुवात होती.

छपाईचा भार आत्याच्या मुलाने, हितेशने उचलला. जमीन गोदामाला गेल्यापासून त्याचं बरं चाललं होतं आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं त्याच्या मनात होतं. एकदा तो दुकानात आला आणि खुर्ची ओढून मनालीशेजारी बसला.

“आईचं नाव प्रत्येक पानावर लिवलंस? कंटाळा नाय आला?”

“नाही रे दादा. हे बघ, इथं वर एकाच ओळीत लिहिलंय. मुखपृष्ठावर, पानांच्या डोक्यावर, प्रस्तावनेच्या खाली, सगळीकडे इथूनच जातं.”

“म्हणजे इथं बदललं का सगळीकडं बदलतंय?”

“हो ना!” मनाली खुशीत म्हणाली. तिच्या कामात घरातल्या कुणीतरी पहिल्यांदाच एवढा रस घेतला होता. प्रेसवाल्याला मूळ फाईल लागते असं तो म्हणाला, तेव्हा तिने लगेच सीडी करून दिली.

प्रकाशन कोनच्या देवळापुढच्या मंडपात झालं. आत्या नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मनालीच्या हातात पुस्तक आलं आणि ती मुखपृष्ठाकडे बघतच राहिली. ‘हितेश म्हात्रे’. तिने मधलं पान उघडलं. डोक्यावर हितेश म्हात्रे. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग प्रस्तावना. ‘मी नऊ वर्षांची होते,’ आणि खाली, उजवीकडे, हितेश म्हात्रे. मजकुराला कुणी हातही लावला नव्हता. फक्त ती एक ओळ बदलली होती, आणि कुठली ते तिनेच दाखवलं होतं.

ती स्टेजमागे गेली. “दादा, हे काय केलंस?”

“काय केलं? घरचंच नाव हाय ना? आईचं आडनाव काय वेगळं हाय?”

“धवले आत्याचे आहेत.”

“आईला निवडणूक लढवायची नाय. मला लढवायचीय. आणि छापलं कुणी?” बाहेर त्याच्या नावाचा पुकारा झाला, तसा तो हसतमुखाने निघून गेला.

मनाली आत्याशेजारी येऊन बसली. आत्या पुस्तकावरून हात फिरवत होती. “माजं नाव कुठं हाय गं?”

मनालीला खोटं बोलता आलं नाही. “नाही आत्या. सगळीकडे दादाचं आहे.”

आत्याचा हात थांबला. मनाली उठून माइककडे निघाली, तशी आत्याने तिचं मनगट घट्ट पकडलं.

“बस खाली.”

“आत्या, दोन वर्षं आपण...”

“पोटचा पोर हाय माजा. चार लोकांत त्याला खाली बघायला लावू नको.”

हितेशने केलं त्याचा मनालीला राग आला होता. आत्याच्या त्या शब्दांनी मात्र ती आतून तुटली. पुढे कित्येक महिने ती कोनला गेली नाही.

निवडणुकीच्या तोंडावर हितेश पुन्हा माळा चढून आला. या वेळी खुर्ची ओढली नाही. कुणीतरी प्रस्तावना वाचली होती आणि गावभर त्याची टिंगल चालली होती.

“दुसरी आवृत्ती काढतोय. ते ‘होते’चं ‘होतो’ कर सगळीकडं.”

“ते एका ओळीत होत नाही दादा,” मनाली म्हणाली. “त्यात पदर आहे, आई आहे, बायकांच्या ओव्या आहेत. तिथे तू कसा बसणार? आणि आता मी बसवणारही नाही.”

तो तणतणत खाली उतरला. दुसरी आवृत्ती निघाली नाही. पण पहिलीच्या प्रती लग्नांत आहेर म्हणून फिरत राहिल्या.

त्या उन्हाळ्यात मनालीच्या कानावर आलं की आत्या कुणाच्याच हळदीला जात नाही. शेजारच्या पुतळाबाईच्या नातीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन माणसं आली, तर दारातच म्हणाली, “पुस्तकावर ज्याचं नाव हाय त्याला न्या.” शेवटी त्या मांडवात धवल्यांऐवजी बेंजोचा बँड लावला.

मनाली तेव्हा कोनला गेली. आत्या ओटीवर सुकट निवडत होती. “बस,” एवढंच म्हणाली आणि सूप मध्ये सरकवलं. मनालीही निवडू लागली.

“आत्या, माझ्यासाठी तरी गा. एक धवला.”

आत्याने सुपातला कचरा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “येत न्हाय गं आता.”

येत नाही की गायचं नाही, हे मनालीने विचारलं नाही.