निरभ्र दुपारचं पाणी

पाण्याजवळ गेला की मिलिंद आधी मान तिरकी करायचा. पानाआडचा पक्षी ऐकावा तशी तो नदी ऐकायचा. सिॲटलजवळच्या रेनियर पर्वतावरच्या हिमनदीतून उतरणाऱ्या त्या प्रवाहात तळाचे धोंडे एकमेकांवर आदळत घरंगळतात, आणि तो दबलेला घुमार कानांच्या आधी तळपायांना कळतो. अशा वेळी त्याचा सावळा, रुंद चेहरा इतका स्थिर होई, की त्याच्या स्वभावातलं सगळं सावधपण तिथे वाचता यावं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्या माणसांत त्याची आठवण धाडसी, बेफिकीर माणूस म्हणून राहिली, आणि ती तशी मी रुजवली.

तो नागपूरकडचा, कन्हान नदीत पोहायला शिकलेला; मी कृष्णाकाठचा. सिॲटलला एकाच ऑफिसात आम्ही इंजिनिअर. आमच्या दोघांच्याही नद्या पावसाच्या. ढग दाटले की भरायच्या, आभाळ उघडलं की ओसरायच्या. हिमनदीच्या पोटातून जन्मणाऱ्या नदीचं पंचांगच निराळं. रात्रीच्या गारठ्यात बर्फ वितळायचं मंदावतं, म्हणून सकाळी ती कृश असते, करड्या गोट्यांच्या रुंद पात्रात वेण्यांसारखी विखुरलेली. ऊन चढतं तसा वर बर्फ पाझरू लागतो, आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार कललेली असते. मग बर्फाखाली दळल्या गेलेल्या खडकाच्या पिठाने दुधाळ झालेला, तळ न दाखवणारा तो प्रवाह लखलखीत उन्हात, ढगाचा ठिपकाही नसताना, फुगत जातो. आकाश जितकं निर्मळ, तितकी ती अनावर.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी सकाळी आम्ही पोटरीभर पाण्यातून पलीकडे गेलो होतो. दुपार कलल्यावर परतताना मिलिंद काठावर थबकला, तो हलेचना.

"पाणी वाढलंय यार. आवाज ऐक," तो म्हणाला. "खाली रोडच्या पुलावरून जाऊ. नाहीतर सकाळपर्यंत थांबू."

"आभाळ बघ की. कुठून वाढेल पाणी?" संध्याकाळी माझ्या घरी पत्ते खेळायला मंडळी यायची होती. "कन्हानचा पोहणारा म्हणवतोस आणि एवढ्याशा ओढ्याला भितोस?"

त्याचं हसू नेहमी आधी डोळ्यांत येई, ओठांवर उशिरा. "भितो की. घरी पोरगी आहे माझी."

मी पाण्यात उतरलो. सोबतच्या माणसाला एकटं सोडायचं नाही, ही त्याची रीत. तो मागोमाग आला. पलीकडे पोचून मी वळलो, तेव्हा त्या पांढुरक्या पाण्यावर नुसतं ऊन चमकत होतं.

चौकशीला आलेल्यांना, त्याच्या बायकोला, सगळ्यांना मी एकच सांगितलं: मी नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. शोकसभेत बुद्धवंदनेनंतर एकेक जण उठून त्याच्या धाडसाविषयी बोलला. मी मान खाली घालून बसलो, आणि लोकांना ते दुःख वाटलं.

त्याची मुलगी सुजाता आता ॲन आर्बरला असते. तिची मुलं कॉलेजात गेली. मागच्या महिन्यात मी फोन केला होता, तेव्हा बोलता बोलता ती म्हणाली, "काका, मी बाबांचा फोटो घरात लावलेलाच नाही. मला जमत नाही. त्यांनी नदी निवडली, नॉट मी."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, माझा टोमणा आणि तिच्या बाबांचे शब्द, काही न वगळता.

तिने विचारलं, "बाबा थांबू या म्हणाले होते?"

"हो."

"प्लीज, आता मला कॉल नका करू, काका," ती म्हणाली. त्यातला शेवटचा शब्द सवयीने आला असावा.

माणूस गेला, तरी त्याची उणीव निदान त्याच्या नावाची असते. मी सुजाताकडून तीही हिरावून घेतली, आणि एका भलत्याच माणसाचं नसणं तिच्या पदरात टाकलं. ती त्या परक्यावर रागावत मोठी झाली, आणि आता, स्वतःचे केस पांढरे होत असताना, पहिल्यांदाच आपल्या बापाला मुकली आहे.