अंशुमनचं गतिकवच

दसऱ्याच्या सकाळी गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर इतकी गर्दी उसळली होती, की गेटवरचे पहारेकरीसुद्धा गेट सोडून टाचा उंचावून बघत होते. झेंडूच्या माळा घातलेल्या इलेक्ट्रिक गाड्या ओळीनं उभ्या होत्या. पहिल्या गाडीत स्टिअरिंगवर अंशुमन बसला होता. त्यानं नारळ ओवाळला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी अशी सुटली, की मागे बसलेल्या तिघांची डोकी धाडकन सीटवर आदळली.

"काय पळतेय यार!"

"परवा हीच गाडी रडत चालली होती ना? मी आत बसलो होतो!"

"चमत्कार आहे हो, दुसरं काय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र टाळ्या वाजवता येईनात. माझं काम मोटार विम्याचं. अपघातात चेपलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान ठरवायचं. गाडी जोरात पळाली म्हणून आनंद होण्याची सवय माझी केव्हाच मोडली आहे.

अंशुमन दिल्लीच्या करोल बागेत वाढलेला मराठी मुलगा. तिथेच त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. 'आपला माणूस' म्हणून आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बाळकाका त्याला घेऊन आले होते. तो विकत होता 'गतिकवच': एक काळी पेटी, स्टिअरिंगखाली खोचायची, आत निळा दिवा लुकलुकतो. किंमत अव्वाच्या सव्वा, पण वर आशीर्वाद फुकट.

"काका, बॅटरी म्हणजे काय?" तो सांगायचा. " शक्ती! आणि शक्तीचे दिवस कोणते? नवरात्र! बिल्कुल सिंपल आहे. अष्टमीच्या संध्याकाळी मी गाडीची नाडी बघणार. मग कवच बसवणार. नवमीला गाडीला हात लावायचा नाही, चार्जिंगला लावून ठेवायची. दसऱ्याला सीमोल्लंघन! अच्छा, आणि एक, स्क्रीनवर कायम लाल कापड. आकडे बघितले की मनात शंका येते, आणि शंका आली की शक्ती अडते."

आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून त्यांना विश्रांती द्यायची, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. अठराव्या मजल्यावर राहणाऱ्यांकडे हत्यार म्हणून उरली आहे ती गाडीच. त्यामुळे अंशुमनचं म्हणणं सगळ्यांना आजीच्या तोंडचं वाटलं. मोठमोठ्या कंपन्यांत बसून दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढणारी ही माणसं. एकानंही विचारलं नाही, की बाबा रे, कापड कशाला?

लोकांनी हौसेसाठी पैसे उधळले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या रांगेत वल्लरी होती.

वल्लरी मानेसरच्या एका कारखान्यात नोकरी करते. रोज हायवेनं जाते, वाटेत मुलीला, अवनीला, शाळेत सोडते, येताना घेऊन येते. तिचा नवरा निहार दोन वर्षांपूर्वी धुक्यात गेला. मागून ट्रकनं धडक दिली. तेव्हापासून आरशात ट्रक दिसला की तिच्या हाताला घाम फुटतो. हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं, म्हणजे अंशुमनलाही कळलंच.

"साकेतदादा," ती मला म्हणाली, "अंशुमन सर म्हणाले, निहारच्या गाडीला कवच असतं तर तो निसटला असता. गाडी स्लो पडली म्हणून गेला. माझ्या अवनीसाठी तरी मी घ्यायलाच हवं ना?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी तिला समजावू लागलो, पण अपघाताचं नाव काढताच ती उठून गेली. ज्याच्या मनात भीती घर करून बसली आहे, त्याला कोरडा उपदेश काय पुरणार?

पुढच्याच आठवड्यात ती संध्याकाळी आमच्या घरी आली ती पांढरीफटक होऊन. मानेसरहून परतताना सर्व्हिस रोडवरून हायवेवर चढायचं होतं. मागून ट्रक येत होता. एरवी ती थांबली असती. त्या दिवशी कवचाच्या भरवशावर तिनं गाडी पुढे घातली, आणि गाडी उसळलीच नाही. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबले म्हणून निभावलं. मागच्या सीटवर अवनी होती.

तिनं तिथूनच अंशुमनला फोन केला होता. तो काय म्हणाला असेल? "मॅम, तुम्ही घाबरलात ना? बस, तिथेच शक्ती अडली."

"दादा, माझाच विश्वास कमी पडला," वल्लरी म्हणाली.

फसवणाऱ्यानं फसवायचं आणि फसलेल्यानं स्वतःला दोष द्यायचा! बुवाबाजीचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. मी तडक मयुराकडे गेलो. मयुरा वरच्या मजल्यावर राहते, शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, "भांडून काही होणार नाही. त्याला रविवारी बोलवा. नवीन गिऱ्हाईकं आहेत म्हणून सांगा, धावत येईल."

आला. पुन्हा तीच गर्दी, तोच नारळ. मयुरा म्हणाली, "सर, आधी ज्यांनी कवच घेतलंय त्यांच्याच गाड्या दाखवा. बाळकाका आणि वल्लरी, दोघांची गाडी एकाच मॉडेलची आहे. पण चालवणार बाळकाका. तुम्ही शेजारी बसा."

बाळकाकांची गाडी आधी सुटली. सुसाट! अंशुमन काच खाली करून ओरडला, "देखा? ही गतिकवचाची ताकत!"

गाडी थांबल्यावर मयुरानं पर्समधून काळी पेटी काढून सगळ्यांसमोर धरली. "हे बाळकाकांच्या गाडीतलं कवच. सकाळीच त्यांच्याकडून किल्ली मागून मी ते काढून घेतलं."

अंशुमनचा चेहरा खर्रकन उतरला. मयुरा थांबली नाही. बाळकाकांना तिनं वल्लरीच्या गाडीत बसवलं. तिथे कवच जागेवर होतं, निळा दिवा लुकलुकत होता. गाडी निघाली ती कुरकुरत.

"आता कापड काढा," मयुरा म्हणाली. "स्क्रीन बघा. वल्लरीच्या गाडीची बॅटरी तळाला आलीय, त्या संध्याकाळीही अशीच उतरली होती; आणि सकाळी मीच तिची गाडी इको मोडवर टाकलीय. बाळकाकांची बॅटरी भरलेली, आणि मोड स्पोर्टचा, म्हणजे जोराचा. या गाड्यांत बॅटरी उतरली की जोर कमी मिळतो, आणि इको मोडमध्ये गाडी मुद्दामच सावकाश उचलते. अष्टमीच्या संध्याकाळी तुम्ही सगळे ऑफिसहून दमलेल्या बॅटऱ्या घेऊन आलात. यानं नाडी बघायच्या नावाखाली इकोचं बटण दाबलं. नवमीला तुम्हीच गाड्या भरभरून चार्ज केल्यात. दसऱ्याला यानं स्पोर्टचं बटण दाबलं. ते दिसू नये म्हणून कापड!"

तिनं पेटी उघडली. आत एक दिवा, दोन वायरी आणि हाताला वजन लागावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा.

"कंपन्यापण तर पैसे घेऊन पॉवर वाढवतात!" अंशुमन उसळला. "त्यांना नाही विचारत कोणी?"

"त्यांनाही विचारायचं," मयुरा म्हणाली. "काही कंपन्या सॉफ्टवेअरनं खरंच जोर वाढवून देतात. गाडीत आधीपासून असलेली ताकद कुलूप लावून ठेवतात आणि किल्ली विकतात. फरक पडतो, घड्याळ लावून मोजता येतो. पण घेण्याआधी स्वतःला विचारा, तो फरक वापरणार कुठे? सिग्नलपासून सिग्नलपर्यंत? टायर लवकर झिजतात, दर वेळी जोर काढला तर बॅटरीही लवकर उतरते. हौस म्हणून घ्या, माझी ना नाही. पण जीव वाचेल म्हणून कोणी विकत असेल तर त्याला दारात उभं करू नका."

लोक खाली बघत होते. बाळकाका तर जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होते. तेवढ्यात वल्लरी पुढे आली.

"मग निहार?" तिनं विचारलं. "गाडी जोरात असती तर तो...?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. वल्लरीनं त्या दिवसाबद्दल आजवर कधीच काही विचारलं नव्हतं, कोणी विषय काढला तर उठून जायची.

"वल्लरी, विम्यासाठी ती गाडी आणि तिचे कागद मी पाहिलेत," मी म्हणालो. "निहार टोलच्या रांगेत उभा होता. पुढे गाडी, दोन्ही बाजूंना गाड्या. जायला जागाच नव्हती. जगातली सगळ्यात वेगवान गाडी असती तरी ती तिथे उभीच राहिली असती. तो स्लो पडला नाही गं. ट्रकवाल्यानं धुक्यात वेग कमी केला नाही, एवढंच खरं आहे."

ती मग वळली आणि अंशुमनसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही माझ्या मेलेल्या नवऱ्याला दोष दिलात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मग मला दिलात. आणि माझ्या मुलीला ट्रकपुढे घातलंत."

बाळकाकांनी अंशुमनला दंडाला धरून गेटबाहेर नेलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सह्यांची तक्रार घेऊन ते स्वतः पोलिसांत गेले.

वाचकहो, मला राग येतो तो अंशुमनचा, आणि तितकाच आमचा. आम्हाला कोणी अंगारा दिला तर आम्ही हसतो, पण त्याच अंगाऱ्याला वायर जोडली की खिशात हात घालतो. पूजा करा, झेंडू वाहा, गाडीला एक दिवस विश्रांती द्या, त्यात कोणाचं काही जात नाही. पण जो म्हणतो 'आकडे बघू नका, शंका घेऊ नका', त्याच्यासमोर पहिल्यांदा ते कापड ओढून काढा. वल्लरी आता पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवते आणि धुकं असलं की उशिरा निघते. ट्रक दिसला की तिच्या हाताला अजूनही घाम येतो. पण आता ती त्याला आधी जाऊ देते.