बशीतले चंद्र

“अहो ताई, सांगा ना, कुठलं औषध लागू पडेल?” वहिनी दारातून तिसऱ्यांदा विचारत होती.

ताईनं काचेची बशी खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं ती हेच करत आली होती. बशीत जंतू पेरायचे, वर टिकलीएवढ्या सहा चकत्या ठेवायच्या, सहा औषधांच्या. जे औषध जंतूंना मारतं, त्याच्याभोवती सकाळपर्यंत चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडतं. ती खळी बघताना तिची तंद्री लागायची. स्वप्नातसुद्धा तिला बशीभर चंद्र दिसायचे.

आज एकालाही खळं नव्हतं. दुधावर साय धरावी तसे जंतू चकत्यांना बिलगून होते.

बशीतले जंतू धाकट्या भावाच्या जखमेतले होते. कोंबड्यांच्या पिंजऱ्याची तार हाताला लागली, एवढंच निमित्त, आणि पंधरा दिवसांत हात भोपळ्यासारखा सुजला. शेजारची बशी त्याच्या कोंबड्यांची. तो नमुना तिनंच हट्टानं आणला होता. बशांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या असत्या तर कुठली कुणाची, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“जंतू औषधाला सरावतात, मग धडधाकट कोंबड्यांना रोज पाण्यातून ते कशाला रे?” तिनं किती वर्षं कानीकपाळी ओरडून विचारलं होतं.

“धडधाकटच राहाव्यात म्हणून! तू तुझे जंतू पाळ, मी माझ्या कोंबड्या पाळतो.”

आणि तीही वेडी त्यावर हसायची. हसायला नको होतं.

“कुठलंच नाही,” ती वहिनीला म्हणाली. “डॉक्टर म्हणालेत, तसं झालं तर पंजा काढावा लागेल. जीव वाचेल.”



वॉर्डात भाऊ तापाच्या गुंगीत छताकडे बघत होता.

“ताई, कोंबड्या बघ गं. किती पांढऱ्या. तरंगताहेत नुसत्या.” मग त्यानं तिला ओळखलं. “लागला निकाल? किती गुण?”

“शून्य.”

“सहापैकी?”

“सहापैकी.”

“म्हणजे जंतूंचा पहिला नंबर!” तो हसला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. “हात जाणार ना?”

तिला रडू आवरेना. त्यानं पुन्हा छताकडे बघितलं.

“कोंबड्यांना आज पाणी कोण घालतंय?”

“मी जाते ना.”

“औषधाचा डबा कपाटात, वरच्या...” तो सवयीनं बोलून गेला, आणि थांबला.

“नको. नुसतं पाणी घाल.”